लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये आहे? मग हे एकदा वाचाच

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात लग्न झालं की महिन्या-दोन महिन्यांनी फोटोग्राफर अल्बमसोबत एक छोटी लाकडी डबी देतो. डबीवर नवरा-नवरीची नावं कोरलेली, आत मखमली कापड आणि त्यात पेन ड्राइव्ह. आई-वडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या सीड्या होत्या, आता ही डबी. ती शोकेसमध्ये ठेवली जाते आणि पाहुणे आले की टीव्हीच्या मागे लावली जाते.

माझ्या मावसभावाचं लग्न २०१९च्या मे महिन्यात पाचोऱ्याला झालं. त्याच्याही घरी अशी डबी आली. पहिल्या दिवाळीला सगळ्यांनी बसून व्हिडिओ पाहिला. नंतर तो पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागेच लावलेला राहिला, कारण रोज काढ-घाल कोण करणार? २०२१मध्ये आजी गेली. २०२३च्या दिवाळीत हळदीचा व्हिडिओ बघायचा म्हणून टीव्ही लावला, तर फाइल उघडेना. लॅपटॉपला लावला तर विंडोज म्हणालं, हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा.

हळदीच्या रात्री आजीने अहिराणीतली गाणी म्हटली होती. कुणी आग्रह न करता सलग दहा-अकरा मिनिटं. ते रेकॉर्डिंग फक्त त्या ड्राइव्हमध्ये होतं. फोटोग्राफरने मूळ फुटेज केव्हाच उडवलेलं होतं. त्याचीही चूक म्हणता येणार नाही, एका हंगामात पन्नास लग्नं करणारा माणूस किती हार्ड डिस्क भरून ठेवणार? दुरुस्ती करणाऱ्याने काही फोटो काढून दिले, त्यातले बरेच खालून अर्धे राखाडी. व्हिडिओ काही मिळाला नाही.

हे असं का होतं, कोणता पेन ड्राइव्ह घ्यावा आणि घेतल्यावर तो कसा वापरावा, ते पाहू.

आत नेमकं असतं काय?

पेन ड्राइव्ह पहिल्यांदा बाजारात आला २००० साली. तेव्हा त्यात ८ एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाईलचे दोन-तीन फोटो. आतलं तत्त्व मात्र तेच आहे. त्यात फ्लॅश मेमरीची चिप असते आणि तिचा कारभार पाहणारी दुसरी चिप, जिला कंट्रोलर म्हणतात. मेमरीच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात थोडा विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो. किती भार आहे त्यावरून तिथे काय लिहिलंय ते ओळखलं जातं.

सुरुवातीच्या चिपांमध्ये एका कप्प्यात एकच बिट ठेवला जायचा, म्हणजे भार आहे की नाही एवढंच बघायचं. अशा कप्प्यावर साधारण लाखभर वेळा लिहिता येतं. पण स्वस्तात जास्त जागा द्यायची म्हणून एका कप्प्यात २, मग ३ आणि आता ४ बिट कोंबले जातात. चार बिटांसाठी भाराच्या १६ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. साहजिकच भार थोडा जरी कमी झाला तरी शेजारच्या पातळीशी गल्लत होते. लिहिण्याची क्षमताही घसरते: ३ बिटांच्या कप्प्यावर हजार ते तीन हजार वेळा, ४ बिटांच्या कप्प्यावर त्याहून कमी. घरगुती वापरात हजार वेळा पूर्ण ड्राइव्ह भरून रिकामा कुणी करत नाही, त्यामुळे या आकड्याची फार धास्ती घेऊ नका. आपल्याला खरी भीती आहे ती दुसऱ्या गोष्टीची, ती म्हणजे गळतीची.

कप्प्यात अडकवलेला भार कायमचा नसतो, तो हळूहळू झिरपतो. आणि तापमान वाढलं की झिरपण्याचा वेग वाढतो.

आपला उन्हाळा आणि चिप

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. बऱ्याच पेन ड्राइव्हच्या माहितीपत्रकात वापरण्याचं तापमान ० ते ४५ किंवा ० ते ६० अंश असं दिलेलं असतं. म्हणजे काही ड्राइव्हच्या बाबतीत आपली दुपारच मर्यादेवर येऊन उभी राहते. त्यात ड्राइव्ह टीव्हीच्या मागे, भिंत आणि गरम पॅनेलच्या फटीत असेल, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या स्टिरिओत असेल, तर विचारूच नका. बंद गाडीचा डॅशबोर्ड भर उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापतो.

संगणकात बसणाऱ्या एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं एक मानक आहे. घरगुती वापराच्या एसएसडीने आपली ठरलेली झीज पूर्ण केल्यानंतरही, वीज न देता ३० अंशांवर ठेवल्यास, किमान एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी, कमी वापरलेली चिप यापेक्षा बरीच जास्त वर्षं टिकवते. पण त्यातले ३० अंश लक्षात घ्या. आपल्या पत्र्याच्या खोलीत ३० अंश हे जानेवारीतलं तापमान झालं.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कारखान्यात तयार झालेल्या चिपांमधल्या चांगल्या चिपा मोबाईल आणि एसएसडीसाठी जातात. उरलेल्या, कमी दर्जाच्या ठरलेल्या चिपा अनेकदा स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये येतात. डेटा परत मिळवून देणाऱ्या सीबीएल या जर्मन कंपनीने २०२४ साली सांगितलं होतं की त्यांच्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या ड्राइव्हमध्ये अशा चिपा वाढल्या आहेत, ज्यांच्यावरचं मूळ उत्पादकाचं नाव खरवडून काढलेलं असतं. काहींमध्ये तर चक्क मोबाईलचं मेमरी कार्ड डाग देऊन बसवलेलं सापडलं. यातले बरेच ड्राइव्ह जाहिरातीसाठी फुकट वाटलेले होते.

आता ती लाकडी डबी आठवा. हृदयाच्या आकाराचा, किल्लीच्या आकाराचा, नाव कोरलेला ड्राइव्ह. आत कोणत्या कंपनीची चिप आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. तो ठोकमध्ये आणलेला असतो आणि दिसायला छान असतो. डबी जरूर ठेवा, पण व्हिडिओ मिळाला त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या.

५९९ रुपयांत २ टीबी?

आजीच्या गाण्यांचं असं झाल्यावर मावसभावाने घरातले सगळे फोटो जपायचे ठरवले. फोनवर रील बघताना जाहिरात आली: २ टीबीचा धातूचा पेन ड्राइव्ह, ५९९ रुपये, घरपोच. त्याने लगेच मागवला. संगणकाला लावला तर जागा दिसली बरोबर २ टीबीच्या आसपास. तो खूश. मी म्हटलं, थांब.

ही फसवणूक समजून घेण्यासारखी आहे. शंभर पानांच्या वहीला दोन हजार पानांचं पुठ्ठ्याचं कव्हर चढवलं, अनुक्रमणिकाही दोन हजार पानांची छापली, तर बाहेरून कुणाला कळणार? कंट्रोलरमध्ये फेरफार करून तेच केलेलं असतं. आत खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी. ती भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर कॉपी केलेलं एकतर हवेत जातं, किंवा पुन्हा पहिल्या पानापासून जुन्यावरच लिहिलं जातं. फायलींची नावं दिसतात, आकार दिसतो, कॉपी पूर्ण झाल्याचा संदेशही येतो. उघडायला जाल तेव्हा कळतं की आत काहीच नाही. आणि उघडायला आपण जातो वर्षभराने, फोनमधले मूळ फोटो उडवून झाल्यावर.

हे ओळखायला फुकट साधनं आहेत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३. ही साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतात. वेळ लागतो. सेकंदाला २० एमबी वेगाने १२८ जीबी भरायलाच पावणेदोन तास जातात, वर वाचण्याचा वेळ वेगळा. रात्री लावून झोपा. रिकाम्या, नव्या ड्राइव्हवरच हे करा, आणि माल परत करण्याची मुदत संपायच्या आत करा.

मावसभावाच्या ड्राइव्हमध्ये खरी जागा निघाली ५८ जीबी. पैसे परत मिळाले नाहीत, विकणाऱ्याचं पानच गायब झालं होतं.

इथे एक उलटी शंकाही नेहमी येते. १२८ जीबीचा चांगला ड्राइव्ह घेतला आणि संगणकात ११९ जीबीच दिसले, म्हणजे फसवलं का? नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. १२८ चे ११९ आणि १ टीबीचे ९३१ होणं हा नुसता मोजमापाचा फरक आहे.

मग घ्यायचा कोणता?

आधी जागा किती हवी ते ठरवा. मोबाईलवरचा ४के व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी खातो. तासाभराचं चित्रीकरण म्हणजे १० ते २० जीबी. बहुतेक घरांना १२८ किंवा २५६ जीबी पुरतात. माझं मत विचाराल तर २५६चा एक घेण्यापेक्षा १२८चे दोन, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्या आणि दोन्हींत तेच भरा. ५०० जीबीच्या वर गरज असेल तर पेन ड्राइव्हचा नाद सोडा. बाहेरून लावायची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या.

वेगाच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा हा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. ‘१५० एमबी प्रति सेकंद’ असं छापलेला ड्राइव्ह लिहिताना २०-३० वर येऊ शकतो. माहितीपत्रकात लिहिण्याचा वेग वेगळा दिलेला असेल तर तो ड्राइव्ह पसंत करा, कारण आकडा लपवण्यासारखा नाही एवढं तरी त्यातून कळतं. १०० जीबी कॉपी करायला सेकंदाला १० एमबी वेगाने पावणेतीन तास लागतात, १०० एमबी वेगाने सतरा मिनिटं. यूएसबी २.० लिहिलेला ड्राइव्ह आज मोठ्या जागेसाठी घेऊ नका. ३.० किंवा ३.२ जेन १ हवा. ही दोन नावं एकाच गोष्टीची आहेत, नावं बदलत राहण्याचा उद्योग कुणाला सुचला कोण जाणे.

बॉडीबद्दल थोडं. धातूची बॉडी आपटली तर टिकते आणि आतली उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे हाताला गरम लागली तर लगेच घाबरू नका. नखाएवढे इवलेसे ड्राइव्ह मात्र लवकर तापतात, आणि हरवतात तर त्याहून लवकर. टोपण असलेला ड्राइव्ह आपल्या धुळीत चांगला, पण टोपण आठवडाभरात हरवतं. मधल्या मार्गाने सरकवून आत जाणारं तोंड बरं. एका बाजूला साधा यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी असलेले ड्राइव्ह फोनचे फोटो थेट काढायला उत्तम. फक्त फोनला लावून फोन खिशात ठेवू नका, तोंड वाकलं की ड्राइव्ह आणि फोनचं पोर्ट दोन्ही जातात. कपाशीचे तंतू आणि खिशातला कचरा पोर्टमध्ये अडकतो, तो पिनने उकरू नका.

खरेदी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून करा, धुळ्याच्या आग्रा रोडवरून करा किंवा ऑनलाइन, पक्कं बिल घ्या. पाकिटावर एमआरपी, महिना-वर्ष आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असणं वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. नकली मालावर हे बहुधा नसतं. सॅनडिस्क, किंग्स्टन, सॅमसंग अशा नावांचेही हुबेहूब नकली ड्राइव्ह मिळतात, तेव्हा नुसतं नाव बघून पुढे जाऊ नका, तपासणी करा. पाच वर्षांची वॉरंटी असेल तर छानच, पण ती ड्राइव्हची असते. बिघडला तर नवा कोरा ड्राइव्ह मिळतो, आतल्या फोटोंशी कंपनीचा संबंध नसतो.

टीव्हीत चालतो, गाडीत का चालत नाही?

हा प्रश्न फाइल सिस्टिमचा आहे. गाडीचे जुने स्टिरिओ आणि काही जुने टीव्ही फक्त फॅट३२ ओळखतात. पण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि लग्नाचा पूर्ण व्हिडिओ सहज त्यापलीकडे जातो. ‘जागा आहे तरी कॉपी होत नाही’ ही तक्रार बहुधा यामुळेच असते. मोठ्या फायलींसाठी एक्सफॅट वापरा, विंडोज, मॅक, बहुतेक नवे फोन आणि टीव्ही तो वाचतात. गाडीतल्या अहिराणी गाण्यांसाठी १६-३२ जीबीचा वेगळा स्वस्त ड्राइव्ह फॅट३२ करून ठेवा. तो उन्हात जळाला तरी फार दुःख होणार नाही.

झेरॉक्सच्या दुकानात

नोकरीचा अर्ज, सातबारा, आधार, निकाल हे सगळं छापायला आपण ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथल्या संगणकाला दिवसभरात शंभर ड्राइव्ह लागतात. घरी आल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले की समजा व्हायरस आला. घाबरून फॉरमॅट करू नका. फायली बहुधा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासा, मग लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करून त्या बाहेर काढा.

सोपा उपाय म्हणजे बाहेर न्यायचा ड्राइव्ह वेगळा आणि घरचा वेगळा. बाहेरच्यात फक्त त्या दिवशी छापायचं तेवढंच ठेवा. आधारची प्रत आणि घरातले फोटो एकाच ड्राइव्हवर घेऊन बाजारात फिरू नये, हरवला तर सापडणारा ते सगळं उघडून बघू शकतो. कागदपत्रं ड्राइव्हवर ठेवायचीच असतील तर बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने कुलूप लावा, आणि पासवर्ड त्याच ड्राइव्हला चिकटवू नका. हसू नका, मी पाहिलंय.

काढताना ‘इजेक्ट’ करायचं का? नव्या विंडोजमध्ये नाही केलं तरी बहुधा निभावतं. पण कॉपीची पट्टी संपल्यावरही काही वेळा लिहिणं चालू असतं, आणि त्या क्षणी ओढला तर एका फाइलवर भागत नाही, पूर्ण यादी बिघडू शकते. लाइट जाण्याची वेळ असेल तेव्हा मोठी कॉपी लावू नका.

‘फॉरमॅट करा’ असं आलं तर

फॉरमॅट करू नका. दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर काही लिहूही नका. संगणकाला ड्राइव्ह निदान दिसत असेल तर आधी त्याची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि फोटोरेक सारख्या फुकट साधनाने त्या प्रतिमेतून फायली शोधा. परत मिळालेल्या फायली त्याच ड्राइव्हवर कधीही साठवू नका. ड्राइव्ह अजिबात दिसतच नसेल तर घरी प्रयोग थांबवा. आजकाल बऱ्याच ड्राइव्हमध्ये मेमरी आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात असतात, त्यातून डेटा काढणं मोठ्या प्रयोगशाळेचंच काम आहे आणि खर्च काही हजारांत जातो.

एकच प्रत असणं

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. असोद्याच्या माहेरची आणि जळगावच्या सासरची ती गाणी कुणीतरी वहीत उतरवून घेतली म्हणून राहिली. १९५१ साली त्या गेल्या, वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली पुस्तक छापलं गेलं. छापलं गेलं म्हणजे काय, तर एका वहीच्या कितीतरी प्रती वेगवेगळ्या घरांत गेल्या. तिकडे धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात जुनी दप्तरं आजही बघता येतात. कागद पिवळा पडतो, कडा झडतात, वाळवी लागते, पण बिघडताना तो दिसतो. पेन ड्राइव्ह आदल्या दिवशीपर्यंत चकचकीत असतो.

म्हणून पेन ड्राइव्ह ही नेण्या-आणण्याची वस्तू आहे, तिजोरी नाही. महत्त्वाचं जे काही असेल ते तीन ठिकाणी हवं: एक ड्राइव्हवर, एक संगणकात किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडवर, किंवा पुण्याला राहणाऱ्या बहिणीकडे दुसरा ड्राइव्ह. ‘व्हॉट्सॲपवर आहेत ना फोटो’ हे पुरेसं नाही. तिथून पाठवलेला फोटो आणि व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. मूळ दर्जा हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते.

वर्षातून एकदा ड्राइव्हमधलं सगळं संगणकावर उतरवा, दोन-चार फायली उघडून बघा, ड्राइव्ह रिकामा करून पुन्हा भरा. नुसता लावून ठेवल्याने भार ताजा होतोच असं नाही, पुन्हा लिहिल्याने नक्की होतो. उरलेला काळ ड्राइव्ह घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. लोखंडी कपाट उन्हाच्या भिंतीला लागून असेल तर तिथे नको.

मावसभावाकडे हे काम आता आखाजीला होतं. बहिणी माहेरी आलेल्या असतात, त्यांच्या फोनमधले वर्षभराचे फोटोही तेव्हाच उतरवून घेतले जातात. दोन ड्राइव्ह भरतात, त्यावर चिकटपट्टी लावून साल लिहितात, एक पाचोऱ्यात राहतो आणि दुसरा धाकट्या बहिणीसोबत धुळ्याला जातो. त्यात ‘आजी’ नावाच्या फोल्डरमध्ये एकच फाइल आहे. हळदीच्या रात्री कुणीतरी फोनवर घेतलेला, कुटुंबाच्या ग्रुपवर सापडलेला, दबून अस्पष्ट झालेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. डीजेच्या आवाजात गाण्याची एक ओळ कशीबशी ऐकू येते, आणि शेवटी फोन पुढे केल्यावर आजी विचारते, “हाऊ मना आवाज शे का?”